दोन्ही बाजू ऐकण्याची सवय: कौटुंबिक हिंसा आणि समुपदेशकाचा परवाना

अमेरिकेत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात व्यवसाय करण्याचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्यातील परवाना मंडळे देतात, आणि त्यामुळे मानसशास्त्रज्ञ, नैदानिक समाजकार्यकर्ता किंवा विवाह व कुटुंब उपचारक होऊ पाहणाऱ्या व्यक्तीने काय शिकलेले असले पाहिजे, हे विद्यापीठांबरोबरच राज्याचे विधिमंडळही ठरवत असते. विवाह आणि कुटुंब यांविषयीच्या समुपदेशनासाठी स्वतंत्र परवाना देणारे पहिले राज्य म्हणजे कॅलिफोर्निया. तेथे हा कायदा १९६३ साली झाला. याच राज्याने पुढे अशी अट घातली की १९९५ पासून पदव्युत्तर शिक्षण सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला पती-पत्नी किंवा जोडीदार यांच्यातील अत्याचार ओळखणे, त्याचे मूल्यमापन करणे आणि त्यात हस्तक्षेप करणे यांचे शिक्षण मिळालेच पाहिजे. आणि १ जानेवारी २००४ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी या शिक्षणाला किमान १५ संपर्क-तासांचे माप लावण्यात आले. संपर्क-तास म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी प्रत्यक्ष अध्यापनात घालवतात तो वेळ. घरी केलेले वाचन त्यात धरले जात नाही. पीडितेला मदत करणाऱ्या स्थानिक संस्थांची माहिती, सांस्कृतिक घटक आणि समलिंगी जोडप्यांतील अत्याचाराचे स्वरूप हे विषय या तासांत आलेच पाहिजेत, असेही कायद्याने नमूद केले.

माणसाचे दुःख ऐकून घेणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी घरातील मारहाण ओळखायला वेगळे शिकावे, हे विधिमंडळाला कायद्यात लिहावे लागले. या गोष्टीचे मूळ त्या व्यवसायाच्या स्वतःच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बाजूला ठेवला तर पंधरा तासांची अट ही केवळ एक कारकुनी बाब वाटू लागते.

१९६४ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ जनरल सायकियाट्री’ या मान्यवर नियतकालिकात स्नेल, रोझेनवाल्ड आणि रोबी या तीन लेखकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच ‘मारणाऱ्याची बायको’ अशा अर्थाचे होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथे न्यायालयाशी जोडलेल्या चिकित्सालयात, पत्नींनी मारहाणीची तक्रार केलेल्या ३७ पुरुषांची प्रकरणे आली होती. त्यांपैकी १२ कुटुंबांचा तपशिलाने अभ्यास करण्यात आला. पती उपचारासाठी फारसे राजी नव्हते, पत्नी मात्र बोलायला तयार होत्या, आणि म्हणून डॉक्टरांचे लक्ष पत्नींवर केंद्रित झाले. निष्कर्ष असा निघाला की या स्त्रिया आक्रमक, पुरुषी आणि आत्मपीडनाची सुप्त ओढ असलेल्या आहेत, आणि अधूनमधून होणाऱ्या मारहाणीमुळे त्या संसाराचा बिघडलेला तोल एक प्रकारे सावरला जातो. जी व्यक्ती खोलीत हजर होती तिच्यात दोष सापडला आणि जी आलीच नाही ती तपासणीतून सुटली. अभ्यासपद्धतीतील ही चूक आज कोणालाही दिसेल. तेव्हा ती दिसली नाही, कारण मार खाणाऱ्या बाईला मार खाण्यातून काहीतरी मिळत असलेच पाहिजे, ही कल्पना त्या काळच्या मनोविश्लेषणात मुरलेली होती.

ही कल्पना एका लेखाबरोबर संपली नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन मानसिक विकारांचे वर्गीकरण करणारी एक संहिता प्रसिद्ध करते आणि निदान, विमा, न्यायालयीन साक्ष अशा सर्व ठिकाणी तिचा आधार घेतला जातो. या संहितेच्या १९८७ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीच्या परिशिष्टात ‘स्वतःचा पराभव ओढवून घेणारे व्यक्तिमत्त्व’ अशा अर्थाचा एक विकार, पुढील अभ्यासासाठी म्हणून, घालण्यात आला; मूळ प्रस्तावात त्याला आत्मपीडक व्यक्तिमत्त्व म्हटले होते. छळ करणाऱ्या माणसासोबत राहणाऱ्या स्त्रीवर हे निदान सहज चिकटवले जाईल, असा आक्षेप स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी जोरदारपणे घेतला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतून तो विकार वगळण्यात आला. म्हणजे कॅलिफोर्नियाचा पहिला शिक्षणनियम लागू होण्याच्या आदल्याच वर्षापर्यंत या व्यवसायाच्या मुख्य ग्रंथाच्या परिशिष्टात ती शक्यता शाबूत होती.

हिंसेविषयीचे उपयोगी ज्ञान या काळात चिकित्सालयाबाहेर तयार होत होते. घर सोडून आलेल्या स्त्रियांसाठी १९७० च्या दशकात निवारागृहे उभी राहिली आणि तेथे रोजच्या रोज ऐकू येणाऱ्या हकिकतींमध्ये एक ठरावीक रचना असल्याचे कार्यकर्त्यांच्या लक्षात आले. मिनेसोटा राज्यातील डुलुथ या शहरात १९८१ साली पोलीस, न्यायालय आणि मदतसंस्था यांना एका धाग्यात बांधणारा प्रकल्प सुरू झाला; एलेन पेन्स या त्यामागील एक प्रमुख कार्यकर्त्या. मार सोसलेल्या स्त्रियांच्या गटांशी बोलून या प्रकल्पाने १९८४ मध्ये एक चक्राकृती तयार केली. तिच्या मध्यभागी ‘सत्ता आणि नियंत्रण’ हे शब्द आहेत. आरे म्हणून धाक दाखवणे, एकटे पाडणे, पैसा हातात न देणे, मुलांचा हत्यारासारखा वापर करणे, झाल्या गोष्टीचा दोष तिच्यावरच ढकलणे असे आठ प्रकार आहेत. आणि शारीरिक व लैंगिक हिंसा ही बाहेरची धाव आहे. बैलगाडीचे चाक पाहिलेल्या वाचकाला या आकृतीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. धाव कधीतरीच खडकावर आपटते, पण आरे सतत फिरत असतात, आणि धाव आहे म्हणूनच ते जागच्या जागी टिकून राहतात. एकदा हात उगारला गेला की पुढची कित्येक वर्षे नुसती नजर पुरते. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये आपल्या ग्रंथात याच रचनेची ‘धाकाचे नियंत्रण’ या अर्थाची संकल्पना सविस्तर मांडली, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

हे ज्ञान समुपदेशकाच्या नेहमीच्या शिक्षणात आपोआप का मिसळले नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. समुपदेशकाला पहिल्या वर्षापासून तटस्थता शिकवली जाते: दोन्ही बाजू ऐकाव्यात, कोणाचाही न्यायनिवाडा करू नये, कोणाची बाजू घेऊ नये. कुटुंबोपचाराच्या शाखेत त्यात वर्तुळाकार कारणमीमांसेची भर पडते. या विचारानुसार कुटुंबातील कोणत्याही घटनेला एकच आरंभबिंदू नसतो. पती गप्प बसतो म्हणून पत्नी टोचून बोलते, आणि पत्नी टोचून बोलते म्हणून पती गप्प बसतो. रुसवेफुगवे, संवादाचा अभाव, मुलांच्या संगोपनावरून होणारे वाद यांवर हा विचार खरोखर गुणकारी आहे. मराठी घरांत हीच गोष्ट ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ या म्हणीत सांगितली जाते आणि पुष्कळ भांडणांपुरती ती खरीही असते. पण थप्पड एकाच हाताने बसते. ‘तुमच्या कोणत्या बोलण्यामुळे ते चिडले?’ हा प्रश्न वर्तुळाकार कारणमीमांसेत निरुपद्रवी असला तरी मार खाल्लेल्या बाईला तो नवऱ्याच्याच तोंडचा वाटतो, कारण घरी तिला रात्रंदिवस तेच ऐकवले जात असते. मिशेल बोग्राड यांच्यासारख्या कुटुंबोपचारकांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या शाखेवर हीच टीका केली: सत्ता असमान असलेल्या घरात तटस्थ राहणारा उपचारक प्रत्यक्षात बलवानाच्या पारड्यात वजन टाकतो.

याचा सर्वांत धोकादायक परिणाम संयुक्त समुपदेशनात, म्हणजे पती-पत्नींना एकत्र बसवून बोलते करण्यात, दिसतो. मोकळेपणाने बोला असे उपचारक सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवून स्त्री खरे बोलते. तास संपतो आणि दोघे एकाच गाडीतून घरी जातात. त्या प्रवासात काय होते ते उपचारकाच्या नोंदवहीत कधीच येत नाही. आणि ती खरे बोललीच नाही, तर पुढचा सगळा उपचार खोट्या पायावर उभा राहतो. म्हणून कौटुंबिक हिंसेच्या शिक्षणातला अगदी पहिला धडा असा असतो की जोडपे कोणत्याही तक्रारीसाठी आलेले असो, प्रत्येकाशी एकदा तरी स्वतंत्रपणे बोलावे, आणि ही भेट सर्वच जोडप्यांसाठीचा नेहमीचा रिवाज म्हणून ठेवावी, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. संयुक्त उपचार सरसकट वर्ज्य मानावा की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ पासून एक भेद मांडला आहे: एका बाजूला नियंत्रणाच्या हेतूने चालणारी, वाढत जाणारी दहशत, आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या प्रसंगी भांडण हाताबाहेर गेल्याने झालेली हाणामारी. दुसऱ्या प्रकारात काळजीपूर्वक केलेला संयुक्त उपचार उपयोगी ठरू शकतो. पण दोन्हींतला फरक ओळखायचा तर आधी विचारावे लागते, आणि कसे विचारायचे तेच सामान्य अभ्यासक्रमात शिकवलेले नसते.

विचारण्याचे कौशल्य वरवर दिसते त्यापेक्षा अवघड आहे. ‘घरी हिंसाचार होतो का?’ या प्रश्नाला पुष्कळ स्त्रिया नाही म्हणतात, कारण हिंसाचार हा शब्द वर्तमानपत्रातल्या बातम्यांचा आहे, स्वतःच्या घराचा नाही. म्हणून प्रश्न कृतींविषयी विचारावा लागतो: ढकलले आहे का, फोन तपासला जातो का, पगार कोणाच्या हातात असतो, माहेरी बोलायला परवानगी लागते का. दवाखान्यांत वापरली जाणारी चार प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जोडीदार इजा करतो का, अपमान करतो का, धमकावतो का आणि ओरडतो का, एवढेच विचारते. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण दिले जातात आणि बेरीज १० च्या वर गेली की पुढील चौकशी केली जाते. धोका किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात तयार केलेले साधन अधिक खोलवर जाते. त्याची सुरुवात गेल्या वर्षाच्या कॅलेंडरने होते: ज्या ज्या दिवशी मारहाण झाली त्यावर स्त्रीने खूण करायची. ‘कधीतरीच होते’ असे म्हणणारी स्त्री त्या खुणांनी भरलेल्या महिन्यांकडे पाहते, आणि घडून गेले ते सगळे पहिल्यांदाच एका जागी तिच्या समोर येते.

काही उत्तरे इतरांपेक्षा जास्त जड असतात, आणि कोणती ते माहीत असणे हा या शिक्षणाचा सर्वांत व्यवहारोपयोगी भाग आहे. गळा दाबण्याचा प्रकार एकदा जरी घडला असेल तरी पुढे त्याच हातून खून होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅम्पबेल यांचाही सहभाग असलेल्या अभ्यासात हे प्रमाण सात पटींहून अधिक आढळले. गळा दाबल्यावर अंगावर वळ उठतीलच असे नसते, त्यामुळे न विचारता ते कळत नाही. घरातील बंदूक हा अमेरिकेतील दुसरा मोठा धोका. तिसरी गोष्ट समुपदेशकाच्या चांगुलपणाच्या आड येणारी आहे: स्त्री घर सोडते किंवा सोडणार असल्याचे सांगते, तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. ‘मग सोडून का जात नाही?’ असे तिला विचारणाऱ्याला वाटते की ती भ्याली आहे. प्रत्यक्षात तिने धोक्याचा हिशेब त्याच्यापेक्षा अचूक मांडलेला असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून शिकवला जातो तो सुरक्षा-आराखडा, म्हणजे कागदपत्रे कोठे ठेवायची, कोणत्या शेजाऱ्याला कोणती खूण करायची, कोणत्या खोलीत वाद वाढू द्यायचा नाही, याची तिनेच ठरवलेली आणि समुपदेशकाने फक्त नीट मांडायला मदत केलेली योजना.

मारणाऱ्यासाठी रागावर ताबा मिळवण्याचे वर्ग पुरेसे आहेत, हा आणखी एक गैरसमज. वरिष्ठांसमोर, पोलिसांसमोर किंवा बँकेच्या रांगेत ज्याचा राग आवरला जातो आणि घराच्या दाराआतच अनावर होतो, त्याची अडचण रागाची नसते. याच कारणाने कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर, सुटलेल्या व्यक्तीला ५२ आठवड्यांचा स्वतंत्र कार्यक्रम पूर्ण करावा लागतो.

गोपनीयतेचा प्रश्न थोड्या शब्दांत मांडता येतो, पण चुकला तर महागात पडतो. कॅलिफोर्नियात शारीरिक दुखापतीवर वैद्यकीय उपचार करणाऱ्या व्यक्तीवर मारहाणीतून झालेल्या इजेची पोलिसांना खबर देण्याचे बंधन आहे. केवळ मनोपचार करणाऱ्यावर प्रौढ स्त्रीबाबत ते सहसा येत नाही. मुलावर अत्याचार होत असल्याचा वाजवी संशय मात्र त्यालाही कळवावाच लागतो, आणि १९७६ च्या तारासॉफ खटल्यातील निर्णयापासून, उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडून ओळखता येण्याजोग्या दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असेल तर तिच्या रक्षणाची जबाबदारीही त्याच्यावर येते. यापेक्षा कमी बोलला जाणारा धोका नोंदवहीचा आहे. वर्षानुवर्षे छळ सोसलेल्या स्त्रीला झोप न येणे, दचकणे, आठवणीत गोंधळ होणे ही लक्षणे असतात. समुपदेशकाने फक्त निदान लिहिले आणि कारण लिहिले नाही, तर मुलांच्या ताब्याच्या खटल्यात तोच कागद ‘ही बाई मनाने स्थिर नाही’ असे सांगायला वापरला जाऊ शकतो.

एवढा विषय किती वेळात शिकवायचा, याचे उत्तर राज्यागणिक बदलते. फ्लोरिडामध्ये मानसशास्त्रज्ञ, नैदानिक समाजकार्यकर्ते आणि मानसिक आरोग्य समुपदेशक यांनी परवान्याच्या दर तिसऱ्या द्वैवार्षिक नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे सहा वर्षांतून एकदा, कौटुंबिक हिंसेवरील दोन तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी तरतूद आहे. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण पीडित किंवा अत्याचारी असण्याची शक्यता आहे, त्यांना कसे विचारावे आणि कोठे पाठवावे, एवढे त्यात यावे असे कायदा म्हणतो. दोन तासांत माहिती देता येते. वर्षानुवर्षे अंगी बाणवलेली तटस्थतेची सवय मोडता येत नाही. पंधरा तासही त्यासाठी कमीच आहेत, पण त्यात निदान एकमेकांना प्रश्न विचारून पाहण्याचा, अडखळण्याचा आणि पुन्हा विचारण्याचा सराव बसू शकतो.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ‘सांस्कृतिक घटक’ हे दोन शब्द मराठी वाचकाला जवळचे वाटावेत असे आहेत, कारण त्या राज्यात मराठीसह दक्षिण आशियाई भाषा बोलणारी मोठी वस्ती आहे. अमेरिकेत ठिकठिकाणी दक्षिण आशियाई स्त्रियांनी स्वतःच्या मदतसंस्था उभ्या केल्या: न्यू जर्सीत १९८५ मध्ये ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये ‘सखी’, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘मैत्री’ व ‘नारिका’. पतीच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या पत्नीला पुष्कळदा स्वतःचे उत्पन्न नसते, कित्येकदा बँकेत खातेही नसते, आणि लग्न मोडले तर देशात राहण्याचा हक्कच जातो; ‘परत पाठवून देईन’ ही धमकी अशा घरात हातापेक्षा अधिक काम करते. येथे आणखी एक गोष्ट सुटते. शिक्षणनियमाच्या शब्दांत ‘पती-पत्नी किंवा जोडीदार’ एवढेच आहेत, पण दक्षिण आशियाई घरात छळ करणाऱ्यांत सासू, सासरे, दीर, नणंद असू शकतात. कॅलिफोर्नियाच्या कुटुंब संहितेत कौटुंबिक हिंसेची व्याख्या विवाहाने जडलेल्या जवळच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचते, म्हणजे संरक्षण देणारा कायदा शिक्षणाच्या नियमापेक्षा रुंद आहे. नवऱ्याविषयीच विचारणाऱ्या समुपदेशकाला सून ‘नाही, ते मारत नाहीत’ असे खरेच उत्तर देते, आणि चौकशी तेथेच संपते.

भारताचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार त्याने नोंदवले आणि नातेवाइकांनाही त्याच्या कक्षेत आणले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच कोणाकडे तरी मदत मागितली होती. मदत मागायला त्या येत नाहीत, पण उपचाराला येतात, हे ओळखून मुंबईत २००० साली ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी यांनाच तेथे प्रशिक्षण देण्यात आले, जेणेकरून जिन्यावरून पडल्याचे सांगणाऱ्या किंवा विष घेऊन आलेल्या बाईला कोणीतरी एकटीला गाठून विचारील. पुढे मुंबईतील इतर महापालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे सुरू झाली.

या अधिनियमाच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी दोन्ही पक्षांना, एकेकट्याला किंवा एकत्र, समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि त्याखालील २००६ च्या नियमांनी समुपदेशकाच्या तटस्थतेला नेमकी मर्यादा घातली आहे. नियम १४ म्हणतो की समुपदेशनादरम्यान प्रतिवादीला आपल्या कृत्याचे कोणतेही समर्थन मांडू दिले जाणार नाही, आणि ही गोष्ट कामकाज सुरू होण्यापूर्वीच त्याला सांगितली गेली पाहिजे. ‘तिनेच आधी तोंड सोडले’ हे वाक्य त्या खोलीत ग्राह्य नाही. पण खोलीत बसलेल्या समुपदेशकाला हा नियम कोणी आणि किती तास शिकवावा, हे नियमांत लिहिलेले नाही; अधिनियमाच्या कलम ११ मध्ये नियमित संवेदनशीलता-प्रशिक्षणासाठी शासकीय अधिकारी, पोलीस आणि न्यायिक सेवेतील व्यक्ती यांचा उल्लेख आहे, समुपदेशकाचा नाही.